मी मुरबाड बंद केलं ते नऊ दिवस

मला सापाची भीती वाटत नाही. एकतीस वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली, तीही शहापूर तालुक्यात, जिथं भाताची लावणी आणि भाताची कापणी हे आमच्या लेखी सापांचेच दोन हंगाम. नाग चावलेले, घोणस चावलेले, फुरसं चावलेले आणि नुसती दोरी पाहून बेशुद्ध पडलेले, सगळे हाताखालून गेले. मला भीती वाटते ती माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याची. हसायचं तर हसा. ह्याच अंगठ्यानं मी एकदा अख्खा मुरबाड तालुका बंद केला होता, आणि त्यापायी एका बाईचा जीव जायची वेळ आली. अजूनही फोन हातात घेतला की आधी मी अंगठा पदराला पुसते. घामानं ओला झालेला असतो.

काय झालं ते पहिल्यापासून सांगते. लोक अर्धवट ऐकतात आणि "अहो बाई, चुका माणसाच्याच हातून होतात" म्हणतात, आणि मग मला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मला बरं वाटायला नको आहे.

निवृत्त झाल्यावर मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते. किन्हवलीच्या आसपासच्या गावांतली, वरच्या पाड्यांवरची माणसं मला ओळखायची. साप चावला की पहिला फोन मला. "बाई, कुठं नेऊ? गाडी कुणाची मिळंल? लस हाय का तिथं?" मग मी फोनाफोनी करायची. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले तेव्हा एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर आम्ही ग्रुप केला. जीपवाले, आशाताई, दोन-तीन डॉक्टर आणि गावागावातलं एखादं चलाख माणूस. साप दिसला तर त्याचा फोटो टाकायचा, चावलेल्या जागेचा फोटो टाकायचा, ज्याची गाडी जवळ असेल त्यानं निघायचं, आणि कुठल्या केंद्रावर डॉक्टर आणि लस दोन्ही आहे ते मी विचारून सांगायचं. दोन वर्षं झकास चाललं. मग एका आषाढात, ऐन लावणीत, सुजून काळ्या पडलेल्या पायाचा फोटो कुणीतरी टाकला आणि कंपनीच्या मशीनला त्यात काहीतरी वाईट दिसलं. ग्रुप बंद, माझं अकाउंट बंद. तक्रार करायची तर पलीकडे माणूसच नाही! मी लिहायची, आणि मशीन म्हणायचं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. अरे मेल्या, अभिप्राय कसला, इथं माणूस मरेल! तीन दिवस मी त्या फोनला शिव्या घालत होते.

माझी मुलगी वाशिंदला असते, कंप्युटरमधलीच नोकरी करते. ती म्हणाली, "आई, दुसऱ्याच्या ओट्यावर बसलं की तो कधीतरी उठवणारच. आपण आपला सर्व्हर करू." मला आधी ओ की ठो कळेना. मग तिनं समजावलं, आणि मला समजलं तसं सांगते. ह्यात एक कंपनी आणि तिच्या पोटात सगळं जग, असं नसतं. ज्यानं त्यानं आपापला छोटा सर्व्हर चालवायचा. एकमेकांशी बोलायची रीत मात्र सगळ्यांना खुली, त्यामुळे माझ्या सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचं लिहिलेलं वाचतो, त्याला उत्तर देतो. सगळ्यांचा मिळून मालक असा कोणी नाही.

"म्हणजे आता आपल्याला कोणी बंद करू शकणार नाही?" मी विचारलं.

"बाहेरचं कोणी नाही," ती म्हणाली. मी निम्मंच ऐकलं आणि चहा टाकायला उठले.

वर्षभरात ते चांगलं अंगवळणी पडलं. त्याचं इंग्रजी नाव कोणी घेत नसे. "बाईंच्यावर टाक" एवढंच म्हणायचे. आमचं बघून मुरबाडच्या एका गुरुजींनी त्यांच्या बाजूचा सर्व्हर काढला. निवृत्त शिक्षक, स्वतः सर्पमित्र, साप पकडून रानात सोडण्यात उभं आयुष्य गेलेलं. ते झालं "गुरुजींच्यावर". दोन्ही तालुक्यांच्या सीमेवर असे पाडे आहेत की ज्यांचा दाखला एकीकडे आणि बाजार दुसरीकडे. त्यातले काही माझ्यावर होते, काही गुरुजींवर. कुणी कुठंही लिहिलं तरी दोन्हीकडे दिसायचं, त्यामुळे कुणाला फरक पडत नव्हता. मुरबाडच्या माणसाला आमची जीप न्यायची, आमच्या माणसाला गुरुजी साप ओळखून द्यायचे. मुलगी भलतीच खूश होती. म्हणायची, "आई, उद्या वाडा येईल, परवा जव्हार, अकोलं. प्रत्येकाचं आपलं, आणि तरी सगळं मिळून एक." मलाही ऊर भरून यायचा, खोटं कशाला सांगू.

सर्व्हर सांभाळायला तिनं मला बसवलं होतं. त्याचं एक पान होतं, ते फक्त मला उघडता यायचं. कोणी घाण लिहिलं तर त्या एकट्याला बंद करता यायचं. आणि त्याच्याखाली आणखी एक बटण होतं, अख्खा परका सर्व्हर तोडायचं. नको त्या जाहिराती ओतणारे सर्व्हर असतात, त्यांच्यासाठी. मुलीनं मला दोनदा बजावलं होतं, "हे शेवटचं. रागाच्या भरात ह्याला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "मी काय लहान आहे?" माझा राग तिला ठाऊक होता. एकदा डॉक्टरांशी भांडण झालं तेव्हा मी इंजेक्शनचा ट्रे खिडकीतून बाहेर भिरकावला होता.

भांडणाचं कारण सांगायची लाज वाटते. भादव्यात आमच्या बाजूच्या एका गावातून मेलेल्या सापाचा फोटो आला. काळा, अंगावर पांढरे पट्टे. घरात झोपलेल्या माणसाला चावला होता. मी बघितलं आणि लिहिलं, मण्यार आहे, एक मिनिट थांबू नका. मण्यार म्हणजे चावल्याचं कळतसुद्धा नाही आणि माणूस झोपेतच जातो. बिचारे पावसातून, दोन ओढे ओलांडून त्याला घेऊन गेले. तो रात्रभर खाटेवर ठणठणीत बसून राहिला. साप कवड्या होता. कवड्याला विष नसतं, आणि तो दिसतो मण्यारसारखा. पट्टे मानेकडे ठळक असले तर कवड्या, शेपटीकडे ठळक असले तर मण्यार. हे मला काय माहीत नव्हतं? फोटोच धड नव्हता. आणि समजा चुकलंच, तरी माणूस वाचवायच्या बाजूनंच चुकलं ना?

गुरुजींनी सगळ्यांच्या देखत लिहिलं, "बाईंनी कवड्याला बढती दिली." झालं! दोन्ही तालुक्यांत हसण्याला ऊत आला. कुणी चामड्याच्या पट्ट्याचा फोटो टाकून लिहायचं, आज आमच्याकडे बाईंचा मण्यार निघाला. कुणी सायकलची ट्यूब टाकायचं. मी दात खाऊन गप्प राहिले. पण मस्करी थांबेना, कापणी तोंडावर आली तरी थांबेना. शेवटी एका दुपारी मी चिडून गुरुजींना सुनावलं, तर त्यांनी उत्तर दिलं, "सुई टोचणं वेगळं आणि साप ओळखणं वेगळं, बाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं! आणि हा मास्तर मला सुई टोचणारी म्हणतो! आमचे हे शेजारीच बसून शेंगा फोडत होते. म्हणाले, "जाऊ दे गं." त्या "जाऊ दे"नं तर मी जास्तच भडकले. ते पान उघडलं, मुरबाडचा सर्व्हर शोधला आणि ते खालचं बटण दाबलं. त्यानं विचारलं, तुमची खात्री आहे? मी मोठ्यानं म्हटलं, "आहे!" आणि अंगठा टेकवला.

पुढचे नऊ दिवस मला किती छान गेले म्हणून सांगू. मस्करी बंद, पट्टे बंद, ट्यूब बंद. मी बंद केलंय हे त्या बाजूला कळायचं काही साधनच नव्हतं. तिकडे नुसती शांतता जाते, कारण जात नाही. आमच्यातल्या दोघा-तिघांनी विचारलं, "गुरुजींचं कायच कसं येत नाय?" मी बेधडक सांगितलं, "नेट नसेल त्यांच्याकडं." सांगताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. दिवाळीनंतर गुरुजी स्वतः फोन करून माफी मागतील, मग बघू, असं मनात धरून मी बसले होते.

दहाव्या दिवशी दुपारी पाऊणच्या सुमारास जीपवाल्याचा फोन आला. हा आमच्याकडचाच, सीमेवरच्या पाड्याखालच्या गावात गाडी लावून असतो. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता.

"बाई, घोणस चावलीय एका बाईला. भात कापताना हाताला. हिरड्यांतून रगात येतंय. कुठं आणू?"

"आमच्याकडेच आण, डॉक्टर आहेत, मी येते. किती वेळ झाला?"

"सकाळी नवाला चावलीय म्हनतात."

"नवाला? आणि आत्ता निघताय? चार तास काय करत होता रे तुम्ही?"

"मला आत्ता कळलं! आनी बाई, तुमी कसं काय बोलला नाय? तिच्या मालकानं सकाळीच टाकलंय म्हनतो."

"कुठं टाकलंय? माझ्यावर तर काही आलेलं नाही."

"गुरुजींच्यावर," तो म्हणाला.

मी फोन ठेवला आणि चपला शोधायला लागले. आमचे हे धावत आले, काय झालं, काय झालं. घोणशीचं विष मी ओळखून आहे. रक्त गोठायचं थांबतं, मग मूत्रपिंडं जातात. पहिल्या तासात लस मिळाली तर माणूस आठवड्यात घरी येतो. चार तास म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं.

केंद्रावर पोचले तेव्हा तिला सलाईन लावून लस सुरू केली होती. तिशीतली बाई. डावा हात खांद्यापर्यंत सुजलेला, बोटांचा रंग नको तसा झालेला. भात कापताना डाव्या हातात मूठ धरतात ना, त्याच हाताला चावली होती. ती मला म्हणाली, "बाई, तुमी आल्या," आणि तिला बरं वाटलं, ते तिच्या तोंडावर दिसलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

तिचा नवरा दारात उभा होता. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. नऊ वाजून वीस मिनिटांनी त्यानं हाताचा फोटो टाकला होता. त्याच्याखाली मुरबाडच्या एका जीपवाल्याचं उत्तर होतं, गाडी गॅरेजला हाय. गुरुजींचं काहीच नव्हतं. मग त्याच्याच ओळी. कोन हाय का. गाडी पायजे. बाई हायत का. आणि शेवटी नुसतंच, बाई.

आमची जीप तेव्हा त्याच्या पाड्याखाली, पंधरा मिनिटांच्या उतरणीवर, रिकामी उभी होती. जीपवाला पेपर वाचत बसला होता. मला वाचता आलं असतं तर साडेदहाला तिला लस सुरू झाली असती. एक तास वाट बघून त्यानं बायकोला पाठुंगळी घेतलं आणि ओढ्यापलीकडच्या भगताकडे नेलं. तिथंसुद्धा वेळ गेला. पण सांगून ठेवते, भगतानंच हात बघून सांगितलं की हे माझ्या मंत्रानं उतरायचं नाही, गाडी बघा. स्वतःचा भाऊ त्यानं उतारावरून पळत खाली धाडला. त्या भावानंच जीपवाल्याला गाठलं. म्हणजे तिला वाचवायला भगत धावला आणि नर्स फुगून बसली होती.

मी केंद्राच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि फोन काढला. मुरबाड उघडायचं होतं. अंगठा दोनदा भलतीकडेच लागला. शेवटी उघडलं, आणि तिथं लिहून आलं की तोडलेले संबंध आपोआप परत जुळणार नाहीत, ज्यानं त्यानं नव्यानं जोडावे लागतील. मी त्याच्या पोस्टची वाट बघत उभी राहिले. ती आलीच नाही. मला वाटलं होतं, दार उघडलं की बाहेर थांबलेलं सगळं आत येईल. अशी आणखी किती माणसं ह्या नऊ दिवसांत हाका मारून गेली असतील, आणि मला ते कधीच कळणार नाही, ह्या विचारानं मला तिथंच उलटी झाली.

तिला संध्याकाळपर्यंत मोठ्या दवाखान्यात हलवलं. लघवी बंद झाली होती. डायलिसिस लागलं. मी रोज आसनगावहून गाडी धरून जायची, डबा घेऊन, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिच्या नवऱ्याशेजारी बसायची. ती मेली तर मी खुनी, एवढं एकच डोक्यात असायचं. वॉर्डाचं दार वाजलं की मी उठून उभी राहायची. तो मला म्हणायचा, "बाई, तुमी कशाला एवढा तरास घेता?" आणि मी त्याला काही सांगू शकत नव्हते. भीती वाटायची. तो पाड्यावर सांगेल, पाडा तालुक्याला सांगेल, आणि माझ्या दारात माणसं उभी राहतील. ह्या भीतीची लाजही वाटायची, पण भीतीच वरचढ होती. एकदा मी त्याला कसंबसं विचारलं, "अरे, माझा नंबर आहे ना तुझ्याकडं? फोन का नाही केलास मला?" तो पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत बसला. मला वाटलं, ह्याला सगळं समजलंय.

गुरुजींना मात्र मी तिसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. घोणस चावली त्या दिवशी ते बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते, फोन बंद होता. मी सगळं एका दमात बोलून टाकलं, आणि आता हा माणूस मला फाडून खाणार म्हणून डोळे मिटून बसले.

मग ते म्हणाले, "बाई, तुम्ही मला सुनावलंत ना, त्या दुपारी मीही ते पान उघडलं होतं. सुनेनं फोन हातातून ओढून घेतला म्हणून."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट अंगावर काटा आला.

दवाखान्यात बाराव्या दिवशी तिची लघवी सुरू झाली. जगली. डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. त्या हातात आता भाताची मूठ मावत नाही, हे तिनं मला स्वतः दाखवलं, रडली नाही, नुसतं दाखवलं.

मुलगी रविवारी आली ती दारातच म्हणाली, "आई, तुझ्यात आणि त्या कंपनीत मग फरक काय राहिला?" मी म्हटलं, "फरक आहे. कंपनीला निदान कुणाचा राग नव्हता." मग तिनं असं करून दिलं की दुसरा सर्व्हर तोडायचा तर माझं एकटीचं बटण चालणार नाही, आणखी दोघांनी हो म्हणायला हवं. गुरुजींनीही तसंच करून घेतलं. दोन्हीकडच्या माणसांना परत एकमेकांशी जोडायला आम्ही दोघं महिनाभर गावोगाव हिंडलो, एकेकाचा फोन हातात घेऊन. काही अजून सुटलेले आहेत. कोण, ते माहीत नाही.

आता हे वाढत चाललंय. वाड्याकडचे लोक विचारून गेले, अकोल्याकडून निरोप आला. मुलगी त्यांना उत्साहानं सगळं शिकवते. ती म्हणते, पुढची पंधरा-वीस वर्षं ह्याचीच आहेत, मोठ्या कंपन्यांना लोक विटलेत. असेल बाई, तिचंच खरं असेल. मला मात्र झोप लागत नाही. चाळीस गावांचे चाळीस सर्व्हर होतील आणि प्रत्येकावर माझ्यासारखं एकेक तापट माणूस बसलेलं असेल. त्याला गाव माहीत असतं, गावाची भांडणं माहीत असतात, कुणाचं शेत कुणी दाबलं ते माहीत असतं. आणि त्याच्या हातात ते बटण! कंपनीचं मशीन आंधळं होतं. आम्हाला तर चांगलं दिसतं कुणाला बंद करतोय ते. तरी मी सर्व्हर सोडला नाही, कारण सोडला तर साप चावलेल्यानं हाक मारायची कुठं?

तुळशीच्या लग्नाच्या आसपास एका सकाळी तीन माणसं आमच्या ओटीवर आली. तिचा नवरा, तो भगत आणि पाड्यावरचे एक म्हातारे बाबा. आलं ते शेवटी, असं वाटलं. मी खुर्च्या मांडल्या, ते बसले नाहीत. पाणी आणलं, कुणी तांब्याला हात लावला नाही. बाबांनी धोतराच्या सोग्यातून नारळ काढून माझ्यापुढे जमिनीवर ठेवला.

"बाई," बाबा म्हणाले, "आमच्या पोराचं काय चुकलं असंल तं पोटात घाला."

मला काही समजेना. "त्याचं काय चुकणार, बाबा?"

"ते आमाला ठावं नाय. तुमालाच ठावं."

मग ते हळूहळू सांगायला लागले. त्यांच्याकडे जुनी चाल होती. कुणाला वाळीत टाकलं तर त्याला तसं सांगत नसत. लोक नुसतं उत्तर द्यायचं थांबवत. त्यानं हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आणि त्यानं आपलं आपण समजायचं. हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि आता तसं कुणी करत नाही म्हणाले, पण मनातून जात नाही. घोणस चावली त्याच्या आधीच्या आठवड्यात पोरानं गुरुजींच्यावर दोनदा काहीतरी लिहून मला विचारलं होतं. मी एरवी दहा मिनिटांत उत्तर देणारी. ह्या वेळी उत्तर नाही, आणि आमच्या बाजूच्या एकाही माणसाचं नाही. तो समजून चुकला की आपल्याला टाकलंय.

"अरे पण फोन!" मी त्याच्यावर ओरडलेच. "बायको मरायला टेकली होती, फोन का नाही केलास?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "बाई, टाकलेल्या मानसाला जो ओ देतो, त्याला बी टाकत्यात. तिथं लिवलेलं वाचून गप ऱ्हाता येतं, पन मी फोन केला असता तं तुमी उचलला असता. तुमी उचलल्याशिवाय ऱ्हाता का? मंग तुमी बी अडकल्या असत्या."

मी त्यांना सगळं सांगितलं. कवड्या, मस्करी, गुरुजी, बटण, एक शब्द गाळला नाही. तिघंही लक्षपूर्वक ऐकत होते. माझं संपल्यावर भगत बाबांकडे बघून हसला, आणि बाबाही हसले.

"नाय बाई," बाबा म्हणाले. "एवढ्याशापायी कोन असं करंल? तुमी आमचं मन राखायला बोलताय. तुमी नारळ घ्या. तुमी घेतलात म्हंजी टाकलेलं सुटलं, मंग आमी पानी पितो."

मी परत सांगायला तोंड उघडलं. नवरा हात जोडून उभा होता, आणि तांब्या तसाच भरलेला होता. मी वाकून नारळ उचलला. तेव्हा कुठं ते तिघं पाणी प्याले.